दोन्ही टोकांची उंची

नाना माप घेऊनच आले होते. पैठणीच्या रिकाम्या खोक्याचं झाकण, त्याच्या आतल्या बाजूला बॉलपेननं काढलेला चौकोन, एका अंगाला २०, दुसऱ्या अंगाला १४ आणि मधोमध ‘उंची दहा-अकरा’. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांना एक खोली काढायची होती. दोन माग बसतील एवढी. एक त्यांचा स्वतःचा, एक नातवासाठी. वर पत्रा, एकपाखी, पाणी परसाकडे.

“ताई, तुम्ही कॉम्प्युटरवर घर आतून दाखवता म्हणे. आईला दाखवायचंय. तिला पटलं तर पुढं.”

नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चार वर्षं नकाशे काढून मी येवल्यात परत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. गल्लीतल्या एका खोलीत माझं टेबल, कॉम्प्युटर आणि प्रिंटर. नगरपालिकेत लावायचे नकाशे आर्किटेक्टच्या सहीनं जातात. माझ्याकडे येतात ती त्याच्या अलीकडची कामं. स्वयंपाकघर कुठं घ्यावं, जिना आतून की बाहेरून, देवघराला जागा उरते का. माणसांना नकाशातल्या रेघा कळत नाहीत, भिंती दिसल्या की कळतात. म्हणून मी स्वीट होम थ्रीडी नावाचा प्रोग्रॅम वापरते. एमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रॅमरनं तो बनवला, आणि तो फुकट आहे. नाशिकच्या ऑफिसात महागडी सॉफ्टवेअर होती. येवल्यात एका खोलीच्या चित्राचे पाचशे-हजार रुपये देतानाही गिऱ्हाईक ‘काही कमी करा’ म्हणतं, तिथं फुकटचं बरं पडतं. फूट-इंचात माप घेतं, एवढ्यावरच मी खूश होते.

नानांचं काम मला अर्ध्या तासाचं वाटलं. चार भिंती ओढल्या, आत टिचकी मारून खोली तयार केली, दोन खिडक्या, एक दार. उंचीपाशी अडले. फॅब्रिकेटरला फोन केला. तो म्हणाला, उताराला फुटाला दोन इंच धरा. चौदा फुटाला अठ्ठावीस इंच. म्हणजे घराकडची भिंत साडेअकरा फूट घेतली तर परसाकडची नऊ फूट दोन इंच. मी काय केलं, तर दोन्हींची सरासरी काढली. दहा फूट चार इंच. नानांच्या ‘दहा-अकरा’त ती बरोबर बसत होती. चारही भिंतींना तीच उंची दिली आणि वर सपाट छत घातलं. पत्र्याचा उतार बाहेरून दिसणार, आतून सीलिंग होणारच आहे, मग आतल्या चित्रात उतार कशाला? असा माझा विचार. चार वर्षं नाशिकला आम्ही हेच करत होतो. स्लॅबच्या घरात उंचीचा आकडा एकच असतो. एकदा लिहिला की पुन्हा त्याकडे कुणी बघत नाही.

फर्निचरच्या यादीत सोफे, पलंग, पियानोसुद्धा आहे. खड्डामाग अर्थातच नाही. मी पाच-सहा खोकी एकावर एक रचून मागाचा सांगाडा केला, वर नक्षी उचलणाऱ्या जॅकार्डच्या जागी एक आडवं खोकं ठेवलं आणि पाय सोडायच्या खड्ड्यासाठी जमिनीवर काळा चौकोन काढला. विणणारा खिडकीशी बसावा म्हणून दोन्ही माग परसाकडच्या भिंतीशी लावले. उजेडाकडे तोंड. चित्र छान दिसत होतं.

लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी गेले. रस्त्याकडचा भाग जुना, धाब्याचा. लाकडी तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. खोलीच्या मध्यावर धाब्याला एक साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. आता त्यावर काच बसवली आहे. त्या साण्यातून पडणाऱ्या उजेडाच्या बरोबर खाली नानांचा माग. आजी, म्हणजे नानांच्या आई, भिंतीला टेकून रहाटावर कांड्या भरत बसल्या होत्या. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि त्यांना खोलीतून फिरवू लागले. या प्रोग्रॅममध्ये एक पाहुणा असतो, त्याच्या डोळ्यांनी आपण खोली बघतो. दारातून आत, डावीकडे वळा, ही खिडकी, हे माग.

आजींनी कांडी थांबवली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “पोरी, हे उभ्या माणसाचं घर काढलंस तू.”

मला कळेना.

“आम्ही दिवसभर बसलेले असतो. खाली पाय सोडून. तिथनं कसं दिसतंय ते दाव.”

मी पाहुण्याची मापं उघडली. डोळ्यांची उंची सरासरी उभ्या माणसाची होती. नानांना मागावर बसायला सांगितलं आणि जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंत टेप लावला. अडीच फूट, वर एक बोट. तेवढी उंची दिली आणि पाहुण्याला त्या काळ्या चौकोनाशी बसवला. खोली एकदम दुसरीच झाली. मी तीन फुटांवर घेतलेल्या खिडकीची चौकट डोळ्यांच्या वर गेली. समोर नुसती भिंत, आणि वरून आभाळाचा उजेड थेट डोळ्यांत. कापडावर सावली. ज्या खिडकीसाठी माग तिथं लावले, ती खिडकी बसलेल्या माणसाच्या काहीच कामाची नव्हती.

“आणि हे वरचं,” आजींनी स्क्रीनवर बोट टेकवलं, ते नेमकं त्या आडव्या खोक्यावर. “पत्रा इकडं खाली येणार ना? मग हे मावंल का?”

चित्रात मावत होतं. दहा फूट चार इंचांचं सपाट छत, खाली माग, मध्ये भरपूर जागा. पण म्हातारीनं प्रश्न चित्राला विचारलाच नव्हता, पत्र्याला विचारला होता. मी पुन्हा टेप काढला. नाना स्टुलावर चढले. जमिनीपासून जॅकार्डच्या माथ्यापर्यंत साडेनऊ फूट. वर हात घालायला, अडकलेली दोरी सोडवायला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलायला निदान वीतभर तरी मोकळं हवं.

मग तिथंच, त्याच खोक्याच्या झाकणावर, हिशेब मांडला. जॅकार्ड परसाच्या भिंतीपासून चार फुटांवर येतं. तिथं पत्र्याची उंची नऊ फूट दोन इंच अधिक आठ इंच, म्हणजे नऊ फूट दहा. त्यातून पत्र्याखालचा पाईप अडीच इंच, सीलिंगची फ्रेम आणि पट्ट्या मिळून साडेतीन. सहा इंच गेले. उरले नऊ फूट चार. माग नऊ फूट सहा.

दोन इंचांनी माग छतात घुसत होता. हे बांधून झाल्यावर कळलं असतं.

त्या रात्री मी प्रोग्रॅममध्ये भिंतीची चौकट पहिल्यांदा नीट वाचली. भिंतीवर दोनदा टिचकी मारली की ती उघडते. त्यात उंचीला दोन पर्याय आहेत. एक सरळ भिंत: एकच उंची. दुसरी उतरती: सुरुवातीच्या टोकाची उंची वेगळी, शेवटच्या टोकाची वेगळी. इतकी वर्षं तो दुसरा पर्याय माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला हात लावला नव्हता. फ्रान्समधल्या माणसाला तो सुचणं साहजिक आहे. तिकडं उतरत्या छपराखालच्या खोल्यांत राहायची जुनी रीत. सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा मांसार या वास्तुकाराच्या नावानं तर छपराचा एक प्रकारच ओळखला जातो. जिथं छत खाली येतं तिथं पलंग सारायचा, कारण निजलेल्या माणसाला उंचीची गरज नाही. आमच्याकडं प्रश्न उलटा. माणूस बसलेला, पण त्याच्या डोक्यावर साडेनऊ फुटांचं यंत्र उभं.

दोन उंच्या द्यायच्या म्हटल्यावर भिंतीचं पहिलं टोक कोणतं, हा प्रश्न आला. ज्या बाजूनं आपण रेघ ओढायला सुरुवात केली ते पहिलं. मी डावी भिंत घराकडून परसाकडं ओढली होती आणि उजवी परसाकडून घराकडं, कारण खोली गोल फिरत काढायची सवय. दोन्हींना तेच आकडे दिले, तर एक भिंत पुढं उतरली, दुसरी मागं. छत पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारखं दिसायला लागलं. हसू आलं आणि धास्तीही वाटली, कारण कागदावर असं काही दिसलंच नसतं. उजव्या भिंतीचे आकडे उलटे केले आणि छत सरळ खाली उतरलं.

या प्रोग्रॅममध्ये छत वेगळं काढावं लागत नाही. खोलीच्या प्रत्येक कोपऱ्याला तो जवळची भिंत शोधतो आणि तिची तिथं जी उंची असेल तिथं छत टेकवतो. चार भिंती खऱ्या मांडल्या की छत आपोआप खरं होतं. एकपाखी छपराला हे सोपं. दुपाखीला मात्र मधल्या आढ्यापाशी भिंतच नसते, मग छताला तिथं उंच जायचं कळत नाही. दोन्ही कडांच्या उंचीवर ते सपाट पसरतं. त्यावर उपाय असा, की आढ्याखाली कागदाइतकी पातळ भिंत ओढायची, खोलीचे तिथं दोन भाग करायचे आणि बाजूच्या तिकोनी भिंतीही मधोमध तोडून अर्धी चढती, अर्धी उतरती करायची. पुढं एका जुन्या वाड्याच्या माडीसाठी मी हे केलं, तेव्हा त्या घरातल्या काकांनी विचारलं, “ही मधली रेघ कसली?” मी म्हटलं, ती खोटी आहे, आढं धरून ठेवायला घातलीय. ते म्हणाले, “आमच्याकडं तिथं खरा खांब होता, माझ्या आज्यानं काढला.” त्या माडीचं आढं मध्यावर का झोलावलंय, ते मला तेव्हा समजलं.

नानांच्या खोलीत आता छत खरं होतं. मग माग फिरवले. विणणाऱ्याची पाठ घराकडच्या उंच भिंतीला, ताणा परसाकडं. जॅकार्ड उंच भिंतीपासून चार फुटांवर. साडेअकरा फुटांतून आठ इंच गेले, दहा फूट दहा. सीलिंगचे सहा काढले, दहा फूट चार. मागाच्या वर दहा इंच मोकळे. गंमत बघा, माझ्या खोट्या सरासरीचाच आकडा आला. पण आता तो खोलीतल्या एकाच जागी खरा होता, आणि नेमका त्या जागी मी माग आणून ठेवला होता.

उजेडाचं मात्र बिघडलं. परसाची खिडकी आता समोर, पण लांब. घराकडच्या भिंतीत खिडकी घेतली तर विणणाऱ्याचीच सावली कापडावर. बाजूच्या भिंतींत घेतल्या तर पहिल्या मागाला डावीकडून मिळतो, दुसऱ्याला उजवीकडून, आणि संध्याकाळी चार वाजता एकीकडे अंधार. जरीच्या पदरावर मोर विणताना रंगीत धाग्यांच्या तिल्ल्या एकमेकींच्या शेजारी लटकत असतात. हिरव्यात आणि त्याच्या सावलीच्या हिरव्यात फरक कळला नाही तर दोन बोटं विणलेलं उसवावं लागतं. हे मला नानांनी सांगितलं. मी म्हटलं, तुमच्या जुन्या खोलीत कसं जमतं? त्यांनी वर बोट दाखवलं. साणं.

तेव्हा पत्र्यात दोन ठिकाणी पारदर्शक फायबरचे पत्रे, दोन्ही मागांच्या थोडं पुढं, आणि त्यांच्याखाली सीलिंगला तेवढीच मोकळी चौकट. प्रोग्रॅममध्ये ती दाखवायला खोलीचे तुकडे करावे लागले आणि मधल्या तुकड्यांचं छत बंद करावं लागलं. तासभर गेला. बाजूच्या खिडक्यांचा कट्टा तीन फुटांवरून पावणेदोनवर आणला. पाहुण्याला पुन्हा अडीच फुटांवर बसवला आणि मी स्वतः खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले, लॅपटॉप स्टुलावर ठेवून. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पण खरंच सांगते, खुर्चीत बसून ते चित्र मला पटत नव्हतं.

सीलिंगवरून फॅब्रिकेटरशी वाद झाला. त्याला ते सपाट हवं होतं. उतारात मजुरी जास्त, पट्ट्या तिरक्या कापाव्या लागतात, माल वाया जातो. त्याचं चूक नव्हतं. पण सपाट करायचं तर ते सर्वांत सखल भिंतीच्या हिशेबानं आठ फूट आठ इंचांवर आलं असतं आणि खोलीत माग नाही, सोफा ठेवावा लागला असता. सीलिंगशिवाय भागत नव्हतं. चैत्र-वैशाखात येवल्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि उघड्या पत्र्याखाली दुपारी माणूस कसाबसा बसेल, रेशीम बसणार नाही. कोरड्या उन्हात धागा कडक होतो आणि तुटतो. माग जमिनीत खड्डा करून बसवण्यात हेही एक कारण, असं जुनी माणसं सांगतात. खड्ड्यातल्या मातीची ओल खालून ताण्याला मिळते. खालून ओल आणि वरून भट्टी, असं कसं चालेल? शेवटी पत्र्याच्या उताराबरोबर उतरणारं सीलिंग ठरलं, पीव्हीसीच्या पट्ट्यांचं. पीओपी नको म्हटलं, तापून-निवून पत्रा हलतो आणि पीओपीला भेगा जातात. पत्रा आणि सीलिंग यांमधली हवा तापली की उताराच्या वरच्या अंगाला चढते. तिथं भिंतीत जाळीची फट ठेवली.

उताराबद्दल नानांचीही एक मागणी होती. “अजून थोडा जास्त द्या ना. संक्रांतीला पोरं चढतात.” येवल्याबाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस हे गाव धाब्यांवर, गच्च्यांवर आणि पत्र्यांवर असतं. हातात मांज्याची आसारी, डोळे आभाळात, पाय कुणाच्या छपरावर आहेत याचं भान नाही. कटलेल्या पतंगामागं धावणाऱ्या पोराला उतार अडवत नाही, हे मी स्वतःच्या लहानपणावरून सांगू शकते. फुटाला दोन इंच तेवढाच राहिला. फायबरच्या पत्र्यांवर तेवढी लोखंडी जाळी टाकली.

दुसऱ्यांदा आजींना दाखवायला गेले तेव्हा सगळं बसलेल्या माणसाच्या उंचीवरून दाखवलं. त्यांनी बाजूची खिडकी पाहिली, वरची चौकट पाहिली. मग त्यांनी गवंड्यालाही सुचलं नसतं असं एक विचारलं. “पावसाचं पाणी ह्या फायबरवरनं जाताना कापडावर सावली हलंल का?”

मला उत्तर देता आलं नाही. प्रोग्रॅममध्ये सूर्य आहे, तारीख आणि वेळ दिली तर ऊन कुठून येईल ते तो दाखवतो. पाऊस नाही. मी म्हटलं, “आजी, ते बांधल्यावरच कळेल.” त्या म्हणाल्या, “मग ठीक. तुला ठाऊक नाही म्हणालीस, हे बरं केलंस.”

बांधकाम सुरू झालं तेव्हा मी एकदा जाऊन आले. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही भिंतींची पातळी जुळवत होता. नळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं पोराच्या. आधी दोन्हीकडे पाणी एका रेघेत आणायचं, खूण करायची, मग एका खुणेवरून वर साडेअकरा आणि दुसरीवरून नऊ फूट दोन मोजायचं. दोन टोकं, दोन उंच्या. ज्या चौकटीशी मी रात्रभर झगडले तीच त्याच्या हातात नळी होऊन आली होती, आणि त्यानं ती कधी एकच आकडा समजली नव्हती. मी त्याला माझी प्रिंट दिली. त्यानं ती घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि नानांना विचारलं, “चार सूत इकडं-तिकडं चाललं ना?” विणकराच्या घरात सूत म्हटलं की धागा, गवंड्याचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नाना म्हणाले, “चार सुतं चालतील. दोन इंच नाही.”

तेव्हापासून माझ्या मापाच्या वहीत उंचीच्या रकान्याचे दोन रकाने झालेत. स्लॅबच्या घरातही मी दोन्ही टोकांना टेप लावते. गच्चीला पाण्यासाठी ढाळ असतोच, आणि गिलाव्याच्या आत तो कुठं कुठं उतरलेला असतो, हे लावल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, एकदा मोजलंत की.” दर खेपेला समजावत बसत नाही. पाहुण्याच्या डोळ्यांची उंची मात्र आधी विचारून घेते: स्वयंपाकघरात कोण उभं राहतं, देवघरात कोण बसतं, पलंगावर कोण पडून असतं.

खोली आषाढाच्या तोंडावर पुरी झाली. पावसाचं पाणी फायबरवरून जाताना कापडावर सावली हलते. पण थोडी, आणि नाना म्हणतात तेवढ्यापुरतं थांबायचं, चहा घ्यायचा. त्यांचा माग उंच भिंतीला पाठ करून चालू आहे. नातू सध्या नाशिकला एका कंपनीत जातो. त्याच्या मागाचा खड्डा खणून, लिंपून तयार आहे. कुणाचा पाय जाऊ नये म्हणून त्यावर फळ्या टाकल्यात आणि फळ्यांवर आजी कांड्यांची टोपली ठेवतात. माझ्या फाईलमध्ये माग अजून दोन आहेत.